रेती, कापूस आणि हप्ता: गवंडी अभ्यासक्रमाच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत बांधकाम कौशल्याचा अभ्यासक्रम सुरू करायचं ठरलं. कसा, कुठे आणि कोणाच्या पैशानं, हे माझ्या गळ्यात. मी इथे तासिका तत्त्वावर शिकवतो, पण डिप्लोमा सिव्हिलचा आणि नागपूरला साइटवर ऊन खाल्लेलं, म्हणून प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच बघा."

गरज सगळ्यांना दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या या टोकाला घरकुलं मंजूर होतात आणि मिस्त्री मिळत नाही. एकेक मिस्त्री चार-चार घरं धरून ठेवतो, आज इथे दोन थर, उद्या तिथे दोन थर. आणि बी.ए.ची पोरं परीक्षा संपली की पुण्याला, हैदराबादला निघतात आणि तिथे जाऊन विटाच वाहतात.

यंदापासून नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याचे क्रेडिट द्यायचेच आहेत. बहुतेक कॉलेजं त्यात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घालून मोकळी होतील. आम्ही गवंड्याची थापी घालून बघतो.

१९ जुलै

सकाळी बसस्टँडमागच्या मजुरांच्या ठिय्यावर गेलो. पावसाची झड, कामं बंद, त्यामुळे माणसं बोलायला मोकळी. मिस्त्रीची रोजी सातशे-आठशे, रेजाची, म्हणजे त्याच्या हाताखालच्या बाईची, साडेतीनशे-चारशे. कामाचे तास दोघांचे सारखेच. रेजा उलट अर्धा तास आधी येऊन विटा भिजवते.

एक वयस्क मिस्त्री भेटले. ठिय्यावर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. त्यांना विचारलं, शिकवायला याल का? त्यांनी आधी बिडी विझवली. "पोट्टे शिकतीन त आमच्याच रोजीवर पाय ठेवतीन न जी." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण माह्या गुडघ्यानं आता परांचीवर चढणं होत नाई. पाहू."

अर्ज, मुलाखत, निवड समिती या भानगडीत हा माणूस कसा बसवायचा, ते पाहायचं आहे.

५ ऑगस्ट

कोणाकडे काय चालू आहे ते एकदा मांडून घेतलं, म्हणजे पुन्हा तेच करायला नको.

आयटीआयचा गवंडी ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास चालतो. अभ्यासक्रम चांगला आहे, पण पोरगा वर्षभर रोजी सोडून बसेल का, हा प्रश्न. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये ग्रामीण गवंड्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला फार पटते: शिकणाऱ्यांनी खरं घरकुल बांधायचं. पीएम विश्वकर्मामध्ये गवंडी हा १८ व्यवसायांपैकी एक. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. हे ज्याचा हात आधीच बसला आहे त्याच्यासाठी ठीक. ज्यानं ओळंबाच (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं दोरीचं वजन) धरला नाही, त्याला सात दिवसांत काय येणार? फार तर ओळंब्याची दोरी गुंतायची कशी थांबवायची ते.

आमचा ढाचा असा लिहिला: सहा महिने, तीन भाग. पहिला वीटकाम-गिलावा, दुसरा लोखंड आणि सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), तिसरा मोजमाप आणि अंदाजपत्रक. प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. ज्याला पदवी नको, फक्त काम हवं, त्यानं पहिला भाग करून बाहेर पडावं, प्रमाणपत्र तेवढ्याचंच मिळेल. तिसरा भाग मी हट्टानं ठेवला. आमच्याकडचा मिस्त्री रोजीवर राहतो आणि ठेकेदार होत नाही, याचं कारण हाताचं नाही, हिशेबाचं आहे.

२७ ऑगस्ट

विद्यापीठात पाठवायच्या प्रस्तावात एक रकाना: "प्रशिक्षकाची शैक्षणिक अर्हता." मामा चौथीपर्यंत शिकलेले. चाळीस-बेचाळीस वर्षांचा अनुभव लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही. लेखापाल म्हणाले, मानधन काढता येणार नाही.

तोडगा असा काढला: मामांना आधी पूर्वकौशल्य मान्यतेच्या परीक्षेला बसवायचं, म्हणजे येतं त्याचं प्रमाणपत्र हातात येईल. तोपर्यंत हजेरीपटावर "कुशल कामगार" म्हणून पैसे काढायचे आणि वर्गात प्रशिक्षक माझं नाव लागेल. कागदावर मी शिकवणार आणि मामा काम करणार. प्रत्यक्षात मी पाणी भरायला उभा राहीन, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

४ सप्टेंबर

परवा पोळा, काल तान्हा पोळा, कॉलेज ओस. रिकाम्या मैदानावर मागच्या कंपाउंडजवळची जागा आखून घेतली, ४० बाय ६० फूट. पत्र्याचं छत संस्थेच्या खर्चातून. अवजारांची यादी केली: थाप्या, रंधे, ओळंबे, गुण्या, पाणसळ, लेव्हलची नळी, घमेली, फावडी, मोजमापाच्या पेट्या. पेट्या लाकडी नकोत, पत्र्याच्या. लाकडी पेटी पावसाळ्यात फुगते आणि वादाला निमित्त देते.

हेल्मेट आणि बुटांसाठी वेगळी ओळ टाकली. समितीतल्या एकानं विचारलं, जमिनीवरची भिंत बांधायला हेल्मेट कशाला? सवय जमिनीवरच लागते, असं उत्तर दिलं. मंजूर झालं, पण बुटांवर कात्री लागली.

२१ सप्टेंबर

काल वर्ध्याला पंतप्रधानांचा पीएम विश्वकर्मा वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला. तिथूनच राज्यातल्या महाविद्यालयांमध्ये आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची सुरुवात झाली, वयोगट १५ ते ४५. सकाळपासून फोन: "सर, आपलं कॉलेज यादीत आहे का?" प्राचार्यांचं म्हणणं, आपला अभ्यासक्रम त्यातच बसवू. माझं म्हणणं, केंद्र मिळालं तर घ्यावं, पण आपली बॅच त्याच्यावर टांगून ठेवू नये. वाद बराच वेळ चालला. शेवटी दोन्ही फायली वेगळ्या केल्या.

१६ ऑक्टोबर

काल दुपारी विधानसभेची आचारसंहिता लागली. नवं काही मंजूर होणार नाही, निवडणूक २० नोव्हेंबरला. छताचं काम संस्थेच्या पैशाचं असल्यानं चालू राहील.

तसंही आता कोण येणार? सोयाबीनची सोंगणी सुरू, पाठोपाठ कापसाची वेचणी. नावं दिलेल्या पोरांपैकी तिघे थ्रेशरवर आहेत. बॅच दिवाळीनंतर नाही, डिसेंबरात सुरू करायची. आमच्या शैक्षणिक वर्षात जून-जुलैला सगळं सुरू होतं. बांधकाम शिकवायला त्याहून वाईट मुहूर्त नाही. पेरणी, पाऊस, रेतीचा उपसा बंद.

२ डिसेंबर

बॅच सुरू. २४ जण, त्यात सात बाया. दोन कॉलेजच्या, पाच ठिय्यावरच्या रेजा. त्या पाचांपैकी वयानं मोठ्या ज्या काकू आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, आमाले शिकोसान मंग कामावर मिस्त्री म्हून ठेवन कोन?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि मी बनवून सांगितलंही नाही.

वेळ दुपारी दोन ते सहा ठेवायची असं ठरलं होतं. रेजांनी सांगितलं, दुपारची अर्धी रोजी बुडते. बदलून सकाळी सात ते साडेदहा. वेचणीला जाणाऱ्यांनाही तेच सोयीचं. कॉलेजच्या पोरांनी कुरकुर केली, थंडी आहे म्हणून. असू दे.

११ डिसेंबर

सरावाच्या भिंती मातीच्या गाऱ्यात चालू आहेत, म्हणजे पाडून विटा पुन्हा वापरता येतात. अर्ध्या विटेची भिंत झाली, आता एक विटेची, इंग्लिश बाँड या रचनेत. कोपरा कोणाचाच जुळेना. एक थर आडवा, एक उभा, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण कोपऱ्याला उभ्या विटेनंतर पाव विटेचा तुकडा बसवला नाही की सांध्यावर सांधा येतो. मामांनी बोलून काही सांगितलं नाही. एका पोराची भिंत कमरेएवढी होऊ दिली, मग कोपऱ्यात उभ्या सांध्याच्या रेषेवर बोट ठेवून खालपासून वरपर्यंत ओढत नेलं. बोट कुठे अडलंच नाही. पोरानं न सांगता भिंत उतरवली.

इंजिनीअर असून मला हे असं शिकवणं सुचलं नसतं. मी फळ्यावर काढून दाखवलं असतं.

१८ डिसेंबर

रेतीचा दिवस. वर्धा नदीची रेती आली, ट्रॅक्टरवाल्यानं ओलीच टाकली. काचेच्या बरणीत ती ओली रेती वीस सेंटिमीटर भरली, पट्टी लावून पोरांकडून मोजून घेतली. मग पाणी ओतून सळईनं ढवळली आणि बसू दिली. रेती सोळावर येऊन थांबली. म्हणजे खऱ्या सोळाचे ओलीत वीस झाले होते: फुगण २५ टक्के.

"चार सेंटिमीटर गेली कुठं जी?" एकानं विचारलं. कुठे गेली नाही, नव्हतीच. थोड्या ओलीनं कण एकमेकांपासून दूर राहतात, पूर्ण बुडाली की पुन्हा बसतात. ओली रेती पेटीनं मोजली की मालात रेती कमी पडते आणि हिशेब बिघडतो, शिवाय ट्रॅक्टरवाल्याला आपण हवेचे पैसे देतो. हे शेवटचं वाक्य बरोबर डोक्यात बसलं. मोठ्या काकू म्हणाल्या, आमच्या घरकुलाच्या वक्ताले ही बरणी असती त बरं झालं असतं.

गाळाची बरणीही लावून ठेवली. संध्याकाळी वरचा थर आठ टक्क्यांच्या आत होता, रेती चालेल.

३० डिसेंबर

हजेरी निम्म्यावर. दुसरी वेचणी जोरात आहे, किलोमागे भाव चांगला मिळतोय. कोणाला बोललो नाही. अशा दिवसांसाठी "मोकळा आठवडा" अभ्यासक्रमातच लिहून टाकावा, असं प्राचार्यांना सुचवलं. ते म्हणाले, विद्यापीठाला काय सांगणार? "कार्यक्षेत्र अनुभव" असं लिहू म्हटलं.

९ जानेवारी २०२५

खऱ्या घराचा शोध. मातीच्या गाऱ्यातली भिंत पाडायचीच असते, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून पोरांचं लक्ष उडतं. दोन सूत (पाव इंच) भिंत बाहेर गेली तर "पाडाचीच हाय न सर". कोणाच्या तरी घराची भिंत हवी.

जवळच्या गावच्या सरपंचताईंनी तीन लाभार्थी सुचवले. पहिल्यानं सरळ सांगितलं, पोट्ट्यांच्या हातून घर नाही बांधणार. दुसऱ्याच्या जागेचा वाद. तिसरं घर एका विधवा बाईचं, मुलगा सुरतेला. त्यांनी एकच अट घातली: मामा रोज हजर पाहिजेत. मजुरी आमची मोफत, माल त्यांचा, चुकलेलं काम पाडून पुन्हा करायचं तर तेवढा माल कॉलेजचा. हे लेखी दिलं.

घरकुलाचं अनुदान आमच्या भागाला १ लाख २० हजार, क्षेत्र कमीत कमी २५ चौरस मीटर. पैसे टप्प्यानं येतात. जोतं (पायावरचा चौथरा) झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. म्हणजे आमचं वेळापत्रक आता कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागणार नाही, त्या बाईंच्या बँक पासबुकावर लागणार.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज आखणी.

बाहेरून १६ बाय २० फूट, भिंत नऊ इंची. आत साडेचौदा बाय साडेअठरा राहतं, म्हणजे जवळपास २५ चौरस मीटर. पोरांनी सहा-आठ-दहाच्या त्रिकोणानं काटकोनी कोपरा काढला, चुना टाकला. मग मी दोन्ही कर्ण मोजायला लावले. हिशेबानं कर्ण २५ फूट ७ इंच ३ सूत यायला हवा. एक आला २५ फूट ९ इंच, दुसरा २५ फूट ६. म्हणजे आयत तिरपा. खुंट्या सरकवून पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवलं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी दोन्ही टेप एकाच आकड्यावर आले तेव्हा बाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. कालचाच होता.

१७ जानेवारी

पाया. आमची जमीन भारी, काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की हात आत जातो. तिच्यावर ठेवलेलं हलकं घर वर्षातून दोनदा हलतं. गावात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेलेली घरं पोरांनीच मोजून दाखवली.

खड्डा घेतला तर साडेचार फुटांवर मुरूम लागला. नशीब. मुरमावर जाऊन बसायचं, काळ्या मातीत अडकायचं नाही. वरून जोत्याचा बीम, आणि निघालेली काळी माती परत भरायची नाही, मुरूमच भरायचा. इथे लाभार्थी नेहमी पैसे वाचवायला निघालेलीच माती ढकलतात. घराभोवती तीन फुटांचं जोतं-संरक्षण, उतार बाहेर, म्हणजे भिंतीच्या बुडाशी पाणी मुरणार नाही.

जिथे काळी माती फार खोल, तिथे काय? रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलबद्दल सांगितलं: बोअर खाली नेऊन बुडाशी फुगा काढायचा, खांबाच्या व्यासाच्या अडीच पट, काँक्रीट भरलं की घर त्या फुग्यावर खालच्या स्थिर थरात रोवलं जातं. खोली साडेतीन मीटरच्या आसपास. मामांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, पुसदकडे एका गोदामाखाली त्यांनी हेच केलं होतं, पण कशासाठी ते तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

जोतं झालं, फोटो अपलोड झाला, हप्ता नाही. विटा संपल्या. पोरांना रिकामं ठेवायचं नाही म्हणून दुसरा भाग मध्येच उघडला: लोखंड. सळयांना वेढणाऱ्या रिंगा वाकवायला बसवलं. इथे सगळे रिंगेचा आकडा काटकोनात वाकवून सोडतात; १३५ अंशांचा करायला लावला, म्हणजे टोक आत काँक्रीटमध्ये घुसतं आणि भार आला तरी उघडत नाही. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी वेग आला.

सोबत कव्हर ब्लॉकही पाडले. सळईखाली गिट्टीचा तुकडा सरकवायची इथली रीत. तुकडा निसटतो, सळई फळीला टेकते, आणि काही वर्षांनी स्लॅबखालून गंजाचे पापुद्रे. सिमेंट-रेतीचे २० मिलिमीटरचे ठोकळे, मध्ये बांधणीची तार. प्लास्टिकच्या आइस-ट्रेमध्ये पाडले, ही कल्पना कॉलेजच्या एका मुलीची. ट्रे तिच्या घरचा होता, परत गेलेला नाही.

११ फेब्रुवारी

हप्ता अजून नाही. संबंधित कार्यालयात बाईंसोबत गेलो. आधी सांगितलं, फोटोत लाभार्थी दिसत नाही. मग सांगितलं, वेबसाइट बंद आहे. मग साहेब मीटिंगला. बाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांना याची सवय असावी. मला नव्हती. नवा फोटो काढून परत अपलोड केला.

सेवाग्रामची सहल मध्ये घालून घेतली. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा घरासाठी शंभर रुपयांची मर्यादा आणि आसपासचाच माल, ही अट पोरांना फार आवडली, कारण अंदाजपत्रकाचा भाग नुकताच सुरू झाला होता. मामा मात्र बापूकुटीत माणसांकडे पाहत नव्हते, वर कवेलूंची (कौलांची) ओळ पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता कवेलू फेरनारा मानूस भेटत नाई."

२० फेब्रुवारी

हप्ता आला. विटाही आल्या. ट्रॅक्टरमधून उतरवताना दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा, नखानं ओरखडा पडतो का पाहायचं, हे आता मला सांगावं लागत नाही. एका गाडीतल्या बऱ्याच विटा कच्च्या निघाल्या, मोठ्या काकूंनी गाडी परत पाठवली. भट्टीवाला मला म्हणाला, "सर, तुमच्या बाया फार हुशार झाल्या." तक्रारीच्याच सुरात.

६ मार्च

भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीपर्यंत. ओळंबा मोठ्या काकूंच्या भिंतीला सर्वात सरळ. याचं मला नवल वाटलं नाही. बारा-पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या भिंती खालून पाहिल्या आहेत त्यांनी.

पण एक कटकट. शेजारच्या कामावरच्या ठेकेदाराला बॅचमधली माणसं हवी आहेत. पोरांना साडेसहाशे द्यायला तयार, काकूंना चारशे. मी म्हटलं, भिंत तुम्ही स्वतः पाहिली. तो म्हणाला, "भिंत चांगली हाय हो सर, पन बाईले मिस्त्रीची रोजी देली त बाकीच्या रेजा काय म्हनतीन?" काकूंनी काम नाकारलं. त्यांच्यासोबतच्या दोघींनी घेतलं, चारशेवर. त्यांना मी काही म्हणू शकत नाही.

१० मार्च

स्लॅबचा हिशेब वर्गात. ३२० चौरस फूट, चार इंच जाडी. घनफूट १०७, म्हणजे ३.०२ घनमीटर. कोरड्या मालाला १.५४ नं गुणा, सिमेंट-रेती-गिट्टीच्या १:१.५:३ प्रमाणासाठी साडेपाचनं भागा, मग पोत्याच्या ०.०३५ घनमीटरनं. उत्तर २४.२ पोती. सांडलवंड धरून २५.

मामा मागे बसून ऐकत होते. "तेरा फुटाले एक पोतं," म्हणाले. मी ३२० ला १३ नं भागायला लावलं. २४.६.

वर्गात एकदम गलका. मी मामांना विचारलं, जाडी पाच इंच असली तर? ते थांबले. "मंग अंदाजानं." तिथून पुढे मी फळ्यावर पाच इंचाचं गणित सोडवलं आणि पहिल्यांदाच मामांनी वही मागितली. मला वाटतं, या अभ्यासक्रमात कोणाला काय द्यायचं आहे ते या एका तासात होतं.

१२ मार्च

स्लॅब. होळी उद्या, आणि ऊन आधीच तापलेलं. म्हणून पहाटे पाचला मिक्सर चालू केला. काँक्रीटसाठी हवेचं तापमान चाळीस अंशांच्या आत असायला हवं, आम्ही साडेनऊला आटोपलं.

पाण्यावरून झगडा अपेक्षित होता, झालाच. पोत्याला २५ लिटर, त्यातून ओल्या रेतीतलं पाणी वजा. मिक्सरवाला म्हणतो, "हे त निरा कोरडं हाय, ओढल्या जात नाई." त्यानं डोळा चुकवून बादली ओतली. एका पोरानं लगेच काँक्रीट किती पातळ ते मोजायचा शंकू लावला: दीडशेच्या वर बसलं. आम्हाला ७५ ते १०० मिलिमीटर हवं होतं. ती घमेली बाजूला काढून जोत्याभोवतीच्या कामाला वापरलं. नंतर मिक्सरवाल्याजवळ आमचा एक माणूस उभा केला, बादली हातात घेऊनच.

१५ मार्च

स्लॅबवर आळी करून पाणी भरलं आहे. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), ऊन असं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दहा दिवस कमीत कमी, आम्ही चौदा धरले. गावात नळ दिवसाआड येतो. बाईंच्या शेजाऱ्यानं बोअरची नळी दिली, बदल्यात त्याच्या गोठ्याच्या ओट्याला पोरांनी गिलावा करून दिला. अंदाजपत्रकात ही बाब कुठे धरायची, हा प्रश्न परीक्षेत विचारीन म्हणतो.

४ एप्रिल

पहिल्या भागाचं मूल्यमापन. बाहेरून परीक्षक आले, माणूस चांगला. लेखी परीक्षा टॅबवर, हिंदीत. रेजांपैकी दोघींना वाचता येत नाही. प्रश्न वाचून दाखवायची मुभा मिळाली. प्रात्यक्षिकात एक मीटरची कोपऱ्याची भिंत. २४ पैकी १९ जण परीक्षेला बसले, १७ पास. बाकीचे पाच आधीच गळाले: दोघे पुण्याला, एकीचं लग्न, दोघांचं कारण कळलं नाही.

मामांचं पूर्वकौशल्य प्रमाणपत्रही आलं. आता त्यांचं मानधन प्रशिक्षक म्हणून निघेल, जूनपासून. मागचं निघणार नाही.

१६ एप्रिल

नवं वाळू धोरण आलं. घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत (ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती मोफत. सरपंचताईंकडे आता सहा लाभार्थी स्वतःहून पोरं मागायला आले, त्यात जानेवारीत नाही म्हणणारा पहिला माणूसही आहे. त्याला मी बरं वाटून घेत हो म्हटलं. रेती मोफत असली तरी घाटावरून आणायचं भाडं त्याचंच, हे त्याला आधीच समजावलं.

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचं काम याच आठवड्यात. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर असल्याचा दाखला लागतो. रेजांचे दिवस कधीच भरलेत, पण कुठल्या ठेकेदारानं लिहून द्यायचं? प्रत्येकीनं कोणाकोणाच्या घरावर काम केलं ते वहीत मांडून घेतलं आणि ग्रामसेवकांसमोर ठेवलं. तिघींचं झालं. मोजमाप पुस्तिका लिहायला शिकवलं होतं, तिचा उपयोग सर्वांत आधी इथे झाला.

१२ मे

पारा ४४ वर. काम सहा ते नऊ, नंतर सगळं बंद.

मोठ्या काकूंनी स्वतःचा गट केला आहे: त्या, कॉलेजमधली ती आइस-ट्रेवाली मुलगी, आणि दोघी रेजा. रोजीवर नाही, ठेक्यावर. पहिलं काम अंगणवाडीच्या कंपाउंडचं, चाळीस मीटर. दर त्यांनी स्वतः काढला, मी फक्त बेरीज तपासली. विटांच्या तुटीचे पाच टक्के धरायचे राहिले होते, ते सांगितले. काकू म्हणाल्या, तूट त्यांच्या हातून दोन टक्क्यांवर जात नाही, पाच धरून दर वाढवला तर काम दुसऱ्याला जाईल. तीनवर तडजोड झाली.

२३ मे

समितीपुढे दुसऱ्या बॅचचा ठराव. जूनची प्रवेश-जाहिरात मी काढू दिली नाही. प्रवेश दिवाळीनंतर, वर्ग १ डिसेंबरपासून, वेळ सकाळी सात ते साडेदहा. वर्गातला भाग: नकाशा वाचन, गणित, लोखंड. घर बांधायला एक नाही, दोन लाभार्थी एकाच वेळी धरायचे, म्हणजे एकाचा हप्ता अडला तर दुसरीकडे भिंत चालू राहील. चुकीच्या मालासाठी कॉलेजनं राखीव ठेवलेल्या रकमेतली बरीच उरली आहे, ती बुटांकडे वळवली. यावेळी कोणी विचारलं नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं: डिसेंबरचं सत्र त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही, कारण कळवावं. उत्तर लिहितो आहे.